कुणाची आई

खोलीला कुलूप नव्हतं, किल्ली मात्र होती.
हेडमास्तर, न्ताते मोखेले, म्हणाले, ठेवा,
हातात किल्ली असली की माणूस टिकतो.
मी ती उशाशी ठेवली.

रॉकेलचा स्टोव्ह. बादल्या दोन,
एक अंघोळीची, एक रात्रीची,
दोन्ही निळ्या.
पहिल्याच सकाळी एकीला लाल नाडा बांधला.

लेसोथोत जून म्हणजे हिवाळा.
सूर्य उत्तरेच्या अंगाने डोंगर ओलांडतो.
दक्षिणेला पाय करून झोपू नये, सांगायचे घरी;
इथे भरदुपारी माझी सावली
दक्षिणेला डोकं करून बिनघोर आडवी होते.
आम्हा दोघींतली एक तरी शिस्तीत आहे.

सहावीचा वर्ग. मुलं एकाहत्तर, बाकं एकोणीस.
फळ्यावर नाव लिहिलं ते रोमन अक्षरांत,
त्यामुळे कमळजामधला ळ
तोंडात यायच्या आधीच गेला होता.
मग मोठ्याने म्हणून दाखवलं.
एकाहत्तर तोंडांतून एकही ळ परत आला नाही.

फिट्टंफाट म्हणायला हरकत नाही.
त्यांच्याकडे 'सुरू करा' म्हणायचा जो शब्द आहे
त्याच्या उंबऱ्यावरच जीभ टाळूवर आपटावी लागते,
आमच्याकडे बैल हाकताना आपटतात तशी.
माझी आपटतच नाही.
तो आवाज गळला की मागे उरतं नुसतं 'आला'.
रोज सकाळी आठ वाजता मी म्हणते, आला!
आणि कुणीच आलेलं नसतं.
मुलं मात्र वह्या उघडतात.

एक भाकर चौघांत सारखी वाटा, म्हटलं,
तर मोलेफी उभा राहून विचारतो,
यातला मेंढरांमागे जाणारा कोण?
त्याला मोठा तुकडा.
चौतीस वर्षं अपूर्णांक शिकवले.
त्या दिवशी फळा पुसून बसले.

आणि मग नळाच्या रांगेत,
पाणी नळातच गोठलेलं, ऊन चढायची वाट बघत,
म्मे मामोत्लात्सीने विचारलं: तू कुणाची आई?

इथे बाईचं नाव असंच असतं, लेकराच्या दारातून आत जायचं.
पण प्रश्न माझ्या ओळखीचा.
बारशांत, हळदीकुंकवांत, पंगतीत शेजारी बसून
इतकी वर्षं तो माझी विचारपूस करत आलाय.
उत्तर तयारच असतं, दोन शब्दांचं.
दिलं.

तिने छातीवरच्या ब्लँकेटची पिन सारखी केली.
हळहळली नाही. अडचण झाल्यासारखी म्हणाली,
मग हाक कशी मारायची तुला?

रांगेत खल झाला. कुणीतरी नाक शिंकरलं.
नवरीला इथे लग्नातच नाव देतात,
अजून न झालेल्या मुलाच्या नावाने;
मूल झालं की चालत येऊन त्या नावात बसतं.
आणि नाही झालं तर?
नाव आहेच की, म्हणाली.

नळ खोकला, लालसर पाणी आलं, मग स्वच्छ.
बादली भरेपर्यंत ठरलं होतं:
माखाउहेलो.
खाउहेलोची आई.

दिनेओ पहिल्या बाकावर बसते
(तिचं नाव लिहायचं ल ने, वाचायचं द ने;
मलाच इतके दिवस लागले).
गुरुवारी वही तपासायला आणून तिने हळूच विचारलं,
खाउहेलो बरं आहे ना?

थट्टा नव्हती. डोळे सरळ होते.
मराठीत विचारलं असतं तर
कसा की कशी, आधी ठरवावं लागलं असतं.
तिच्या भाषेला ती घाई नाही.

मी तिच्याच भाषेत सांगितलं,
बरं आहे.
जरा सर्दी झालीय.

शुक्रवारी टेबलावर पाल्याची जुडी, राखाडी, कडू वासाची.
उकळून पाजायचं, झोपताना,
मध असेल तर मध.

रात्री वारा पत्र्यावर चालत होता.
स्टोव्ह तिसऱ्या काडीला पेटला.
पाणी दीड कप ठेवलं.