हाक आणि ओ

बॅलार्ड इस्टेट, चौथा मजला,
क्लिअरिंग एजंटचं ऑफिस.
"नेट येतं आणि जातं," दुबाश शेठ म्हणाले,
"जावयासारखं."

आधी मशीननं स्वतःलाच हाक मारून बघितली.
घरातल्या घरात ओ आली.
मग राउटरला. ओ.
मग बाहेर, दूर, आठ आठ आठ आठ:
ओ, ओ, ओ,
आणि रिक्वेस्ट टाइम्ड आउट.

केबल बदलली. पोर्ट बदललं.
स्विचवर फुंकर मारली,
तिचा उपयोग नसतो हे माहीत असून.
टेस्टरचे आठही दिवे ओळीनं लागले,
इन्स्पेक्शनच्या दिवशीच्या वर्गासारखे.

शेवटी पाठकोऱ्या चलनावर वेळा लिहायला घेतल्या:
३.३२
३.३५
३.३६
आणि ३.४१ लिहिताना
पॅसेजमध्ये जाळीचं दार खडखडलं.

वायर लिफ्टच्या शाफ्टमधून वर आलेली, मोटारीला अगदी चिकटून.
कुणीतरी कधीतरी पाइपचे पैसे वाचवले होते.

लिफ्टमन तुळसकरांना म्हटलं,
दहा मिनिटं हलवू नका.
त्यांनी लिव्हर सोडला.
स्टुलावर बसले, चप्पल काढली,
घोट्यावरची सूज अंगठ्यानं दाबून बघितली.
खड्डा पडला,
हळूहळू भरत आला.

स्क्रीनवर ओ, ओ, ओ, ओ.
एकही हाक वाया नाही.

वायर कुठून फिरवायची ते मला कळलं होतं,
रिपोर्टही मनात लिहून झाला होता.

खालून कुणीतरी बेल दाबून धरली.
तुळसकरांचा पाय चपलेकडे सरकला.

मी स्क्रीनवरून नजर न काढता म्हटलं,
बसा.
टेस्टिंग चालू आहे अजून.