पंचाहत्तर टक्के

लग्नात सांगितलं होतं, थोरला जरा भोळा आहे.
जरा म्हणजे किती,
ते कुणी सांगितलं नाही.
भासऱ्यासमोर पदर घसरू द्यायचा नाही,
नाव घ्यायचं नाही, वाटेत आडवं जायचं नाही,
एवढं मात्र नीट सांगितलं.

सासू होती तोवर निभलं.
तेरवी झाली, पाहुणे पांगले,
दुसऱ्या दिवशी ते अंगणात उभे, सदरा उघडा,
गुंड्या बोटांत येईनात,
आणि घरात मी एकटी.
पदर दातांत धरला,
खालून वर एकेक गुंडी लावत गेले.
छातीवरचे केस पांढरे होते.
मी इतके दिवस त्यांना लेकरूच समजत होते.

"आंघोळ करा, शेळ्या सोडा,
येताना गिरणीतून दळण आणा, डबा दारामागं आहे,"
एका दमात सांगायची मी.
ते डबा घेऊन निघायचे, पारोसेच,
आणि शेळ्या खुंट्याला ओरडत.
चार वर्षं मी बोंबलले.
मग एकदा तापात पडले, बोलायचं बळ नव्हतं,
नुसतं म्हटलं, "आंघोळ."
झाली.
मग म्हटलं, "शेळ्या."
सुटल्या.
एवढी वर्षं लांब होतं ते माझं वाक्य.

पानठेल्यावर पोरं विचारायची, "काऊन गा, लगन करतं का?"
ते म्हणायचे, "करतो."
सगळे हसायचे. एकदा मीही हसले.
त्या रात्री जेवताना त्यांनी मला विचारलं,
"पोरगी कोनाची हाय?"
मी भाकर वाढली.
अजून काही सांगितलेलं नाही.

निराधारच्या पगारासाठी दाखला लागतो.
धन्याला जिनिंगमधून सुट्टी नाही, म्हणून मीच निघाले.
आदल्या रात्री कंदिलाजवळ शिकवत बसले,
गावाचं नाव, आपला वार,
दहाच्या दोन नोटा म्हणजे किती.
मग ध्यानात आलं,
उत्तरं आली तर दाखला जाईल.
पण शिकवलेलं पुसायचं कसं?
झोपेतही ते पुटपुटत होते, वीस, वीस.

वर्धेच्या सरकारी दवाखान्यात
डॉक्टरीणबाईंनी नाव विचारलं.
ते माझ्याकडे बघत राहिले.
मी बारा वर्षांत पहिल्यांदा ते तोंडातून काढलं,
"कवडू."
वरची तीन गेली म्हणून सासूनं
सुईणीला एका कवडीत विकून परत घेतलेलं लेकरू.
"आज वार कोणता?"
"बजाराचा."
आमच्या गावचा बाजार बुधवारचाच,
पण फुली पडली.
"दहाच्या दोन नोटा?"
"वीस!"
भिंतीपर्यंत ऐकू गेलं.

कागदावर आलं, पंचाहत्तर टक्के.
खाली, मानसिक वय सात वर्षं.
सात वर्षांचं पोर
आई थंड झाल्यावर उजाडेपर्यंत
तिचे पाय चेपत बसतं का, ठाऊक नाही.
तसा प्रश्न त्या यादीत नव्हता.

येष्टीत ते म्हणाले, "पास झालो काय?"
"झाले."
"किती पळले?"
"पंचाहत्तर."
मग त्यांनी मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्याला सांगितलं,
बोरं विकणाऱ्या बाईला सांगितलं,
आणि सवलतीसाठी कागद मागणाऱ्या कंडक्टरला
तो दोन्ही हातांनी दिला.
कंडक्टरनं वाचला.
एकदा माझ्याकडे पाहिलं.
घडी नीट घातली आणि म्हणाला,
"जमलं गा भाऊ."

पुलगाव मागे पडलं.
दोन्हीकडे पऱ्हाटी, बोंडं फुटायला आलेली.
"तुले किती पळले होते?"
"बेचाळीस. मॅट्रिकले."
बराच वेळ ते काही बोलले नाहीत.
मग उठले, आणि खिडकीची जागा मला दिली.
वाऱ्यानं पदर खांद्यावर आला.
राहू दिला.