एकास बारा

उम्म अल कुवैनच्या खाडीत तिवरं आहेत.
आंजर्ल्यातलीच म्हणावीत,
फक्त बुटकी, आणि पानांवर मीठ जास्त.
त्यांच्यातून लाकडी वाट टाकायची होती,
टोकाला पक्षी बघायचा सज्जा.
सुतार आम्ही चौघे. फोरमन गुलरेज, पेशावरकडचा,
नकाशा उलटा धरला तरी त्याला वाचता येई.

पहिल्याच दिवशी म्हणाला, उंबरठा कुठंच नको.
मला हसू आलं.
जन्मभर मी उंबरठेच बसवले,
सागाचे, फणसाचे.
बायका त्याला हळदकुंकू लावायच्या, मला नारळ द्यायच्या.
दाराला उंबरठा नाही
म्हणजे तोंडाला ओठ नाही.

मग शिकलो.
एक इंच चढायला बारा इंच चालायचं.
फळ्या वाटेला आडव्या,
फट करंगळीहून कमी,
नाहीतर खुर्चीचं पुढचं लहान चाक रुततं.
लाकूड उन्हात काय करील ते मला ठाऊक होतं.
चाक काय करील, ते नव्हतं.

उद्घाटनाआधी आठ दिवस नगरपालिकेच्या बाई आल्या तपासायला,
अफ्रा नाव. स्वतःच चाकाच्या खुर्चीतून.
भात लावायला उतरताना बायका ओचा खोचतात
तशी अबायाची कड मांडीखाली खोचलेली.
ढकलायला कुणी धावला, तर नुसता हात वर केला.
चढ चढल्या. मध्ये थांबल्या नाहीत.
फळ्यांवरून चाकं टकटकत गेली,
माझा एकेक स्क्रू मोजत.

सज्जात पोचल्या. समोर ओहोटी,
चिखलात रोहित पक्षी, शंभर तरी.
आम्ही उभे होतो, आम्हाला दिसत होते.
बाई बराच वेळ बघत राहिल्या.
मग इथल्या मोडक्या हिंदीत म्हणाल्या,
"रेलिंग बहुत अच्छा. पूरा टाइम रेलिंग देखा.
चिड़िया मा फी."

गुलरेजने नकाशा काढला.
नकाशात कठडा बेचाळीस इंच,
आमचा कठडा बेचाळीस इंच.
चूक कुणाचीच नव्हती.

पार्कसाठी एक नवी खुर्ची आली होती,
दुपारी मी तिचं प्लास्टिक सोडलं
आणि बसलो.
समोर मीच रंधलेली फळी,
तिच्यातली एक गाठ बरोबर डोळ्यांच्या रेषेत.
पलीकडून पक्ष्यांचा गलका, चिखलाचा वास.
तेवढंच.

विसूकाकाला मिळालं तेवढंच.
लहानपणी पाय गेले. पडवीत बसून सुपाऱ्या सोलतो.
खाडी घरापासून दोनशे पावलं.
भरती आली हे तो वासावरून सांगतो,
आणि आम्ही पाहुण्यांना कौतुकानं सांगायचो,
बघा, कसं बसल्या जागी कळतं याला!
नेलं कुणी नाही.
मी गावभर देव्हारे केले, पाळणे केले,
सरपंचाला झोपाळा केला.
पडवीला चार पायऱ्या होत्या, त्या होत्याच.

कठड्याचा दोन मीटर तुकडा कापला,
खुर्चीच्या हाताएवढा खाली आणला,
वर बारीक स्टीलच्या तारा ओढल्या.
बाई पुन्हा आल्या तेव्हा भरती होती,
पक्षी एकही नाही, नुसतं पाणी.
तरी बसून राहिल्या.
माझ्याशी काही बोलल्या नाहीत.

शुक्रवारी घरी फोन केला.
बायकोला म्हटलं, पडवीच्या पायऱ्या मोज.
ती म्हणाली, डोकं ठिकाणावर आहे ना?
मोजल्या. चार. एकेक सात इंच.
अठ्ठावीस इंच, म्हणजे अठ्ठावीस फूट उतार.
आणि खळं आमचं वीसच फूट,
पुढे जांभ्याचा गडगा.
तेव्हा वळण घ्यावं लागेल माडाच्या बुंध्यापाशी,
तिथं थोडी सपाट जागा, दम खायला.

फोन तिनं काकाकडे दिला.
म्हटलं, काका, मे महिन्यात येतोय.
म्हणाला, ये.
जरा वेळानं विचारलं,
तिथं आत्ता भरती आहे की ओहोटी?

मी खोलीत होतो, खिडकी बंद, एसी चालू.
खाडी रस्त्यापलीकडेच.
मला सांगता येईना.