ठिपक्यात डोकावू नका

मंगळवार, सकाळचे दहा. ताल्लिन.
खिडकीबाहेर उणे अकरा.
फळ्यावर मी दोन ठिपके दिले, मध्ये एक बाण ओढला
आणि म्हणाले, कॅटेगरी म्हणजे आज एवढंच.

इंबीने मान तिरकी केली:
ठिपक्यात काय आहे?

आकडे असतील, याद्या असतील,
तुझ्या प्रोग्राममधला एखादा टाइप असेल.
आपण विचारायचं नाही.
विचारायचं ते बाणाला:
कुठून निघालास, कुठे टेकलास,
तुझ्या टोकाला दुसऱ्याची शेपटी जोडता येते का.

वर्ग गप्प.
सव्वीस जण, रात्र रात्र जागून कोडमधले किडे वेचणारे,
आणि त्यांना मी सांगतेय, आत बघू नका.
खडू मोडला. तुकडा गडगडत
तावेतच्या बुटापाशी गेला.

तावेत मुउगाच्या गोदीत रात्रपाळी करतो,
क्रेनखाली कंटेनर मोजतो.
तुकडा उचलून तो हळूच म्हणाला,
आम्हीही उघडत नाही.
सील बघतो. आला रीगाहून, चालला तुर्कूला.
तीन वर्षं झाली, आत काय असतं देव जाणे,
पण अदलाबदल एकदाही नाही.

आणि जे जहाज हललंच नाही?
बर्फात अडकतं कधी, तो म्हणाला. तरी नोंद होते.
निघालं: ताल्लिन. पोचलं: ताल्लिन.
कारकून हसत नाही, शिक्का मारतो.

तो शिक्का मी फळ्यावर काढला,
ठिपक्यातून निघून त्याच ठिपक्यात परतणारा बाण,
बेरजेतल्या शून्याइतका रिकामटेकडा
आणि तितकाच नडणारा.

मग चौकोन. चार कोपरे, दोन वाटा:
यादीतले पहिले तीन ठेवा, मग दुप्पट करा;
किंवा आधी सगळे दुप्पट करा, मग पहिले तीन ठेवा.
उत्तर एकच. चौकोन जुळतो,
मी म्हणाले, जरा मिरवतच.

इंबी टपूनच होती.
यादी दहा लाखांची असली तर?
दुसऱ्या वाटेने माझा लॅपटॉप तापेल.

तापेल. बाणांना घाम येत नाही,
चौकोनाला घड्याळ दिसत नाही.
म्हणून तर जड वाट पुसून
हलकी घेता येते, बिनधास्त.

ती उठली आणि बाहीनेच
खालची वाट पुसून टाकली.
मला अजून तिच्यावर बोलायचं होतं.

तास संपला. तावेत बाकावर झोपला होता,
मुठीत खडू.
हजेरीपटावर त्याच्या नावापुढे
मी एक गोल बाण काढला.
कार्यालयातून विचारणा होईल.
होऊ दे.