साठ म्हणजे किती

रात्रपाळीत दर अर्ध्या तासानं ते पडद्यावर येतं,
आधीपेक्षा जरा जास्त गोल.
लक्षद्वीपच्या वर, निळ्यावर पांढरं,
कुणी चुन्याचं बोट फिरवावं तसं.
मी तीव्रता काढते : साडेतीन.
सबनीस सर म्हणतात तीन.
आम्ही वाद घालतो, चहा येतो,
तेवढ्यात ढगांचा आणखी एक वळसा झालेला असतो.

चार मॉडेल, चार वाटा.
एक ओमानला जाते, एक वेरावळला,
एक अलिबागच्या दाराशी येऊन थबकते,
चौथीचं तिलाच ठाऊक नाही.
सगळ्यांभोवती रेघ ओढली की होतो शंकू.
सकाळी वाहिनीवरचा मुलगा त्यावरून हात फिरवत सांगेल,
बघा, वादळ किती मोठं होत जाणार आहे.
वादळ नाही हो.
पुढे पुढे रुंदावत जातं ते आमचं न कळणं.
तेवढं आम्ही मोजतो, रंगवतो,
आणि सही करून पाठवतो.

दोन वर्षांपूर्वीचा एक कागद माझ्या खणात आहे.
'वाऱ्याचा वेग ताशी पन्नास ते साठ किलोमीटर,
झोत सत्तरपर्यंत. समुद्र खवळलेला राहील.
मच्छीमारांनी समुद्रात न जाण्याचा
सल्ला देण्यात येत आहे.'
भाषा माझी.
वारा अठ्ठावन्न आला, झोत एकोणसत्तर.
पडताळणीच्या तक्त्यात हिरवी खूण.
वरळीची 'गोमतीसागर' आली नाही.
तिघे होते.

नंतर मी गेले होते, ऑफिसची गाडी न घेता.
दमयंती नाखवा जाळं सांधत होती,
माझ्याकडे न बघता म्हणाली,
'मोबाईलवर आला व्हता तुमचा. साठ.
साठनं तर माझा दीर स्कूटर चालवतो.'
दोरा दातानं तोडला.
'साठ म्हणजे किती, बाय?'

मला नॉट येत होते, हेक्टापास्कल येत होते.

मग एक वही केली.
साठ म्हणजे दोघांची दोरी चौघांना आवरत नाही.
साठ म्हणजे नांगर टाकला तरी होडी ऐकत नाही,
शेजारी उभ्या माणसाला हाक पोचत नाही.
'सल्ला देण्यात येत आहे' म्हणजे जाऊ नका.
सर चाळतात वही, परत देतात.
नमुन्यात बसत नाही म्हणतात,
पण कुठल्या पानावर काय आहे ते त्यांना पाठ आहे.

आज अडीच वाजता फोन. सोसायटीचा हरेश्वर.
'टक्के नको सांगू. होड्या वर ओढू का नको?'
शंकूची एक कड वरळीला जेमतेम शिवत होती.
गणित म्हणत होतं चाळीस.
सर खिडकीबाहेर बघत होते.
मी म्हणाले, ओढा.

बंदरावर बावटा चढला.
ट्रॅक्टर, दोर, बॅटऱ्या,
एकशे दहा होड्या उजाडेपर्यंत.
साडेपाचला सांताक्रूझहून फुगा सुटला,
वरचे वारे घेऊन आला :
उत्तरेकडच्या जास्त दाबानं
त्याची मान पश्चिमेला वळवली होती.
गेलं ते. ओमानला.

दिवसभर लख्ख ऊन.
लिफ्टमध्ये देसाई म्हणाले,
'काय मॅडम, वादळ रजेवर?'
संध्याकाळी हरेश्वरचा फोन :
बर्फ गेला, ट्रॅक्टरचं भाडं गेलं,
दोन होड्यांच्या फळ्या निघाल्या, पापलेटचा भाव गेला,
त्यानंतर शिव्या, अस्सल, वरळीच्या.
मागे आणखी कुणी कुणी ओरडत होतं.
मी आवाज मोजत बसले.
बरेच होते.

तक्त्यात लाल फुली. त्याखाली माझी सही.

फोन ठेवता ठेवता तो म्हणाला,
'दमयंती विचारते,
चाळीस टक्के म्हणजे किती?
ते पण लिवा एकदा.'

वहीत कोरं पान काढलंय.
वर तारीख घातलीय.