एक्केचाळीस नंबरचा हिरवा

दरवर्षी ऑक्टोबर सरता सरता ते लागतं,
बावीस मिनिटांचं, मध्ये साबणाच्या आणि सुपाच्या जाहिराती.
टोलीडोत आता ते आठवणारे थोडे
आणि ते कुणी रंगवलं हे आठवणारी
बहुधा मी एकटीच.

लॉन्ड्रीच्या वरचा माळा. खालून वाफ यायची,
रंग वाळता वाळत नसे.
आम्ही सातजणी, हातात पांढरे सुती मोजे,
अंगठा आणि दोन बोटं कापलेली.
सेल पाठीमागून रंगवायचे असतात.
म्हणजे चेहरा मला कायम उलटा दिसायचा.
कोवाल्चिक साहेबांचं एकच म्हणणं:
रेघेबाहेर जाऊ नका, बाकी देव बघेल.

गोष्ट अशी, की हॅलोवीनच्या रात्री
परीकथांतली मंडळी सोंगं घेऊन गावात येतात.
सोंगं माणसांची.
लांडगा पोस्टमन झालेला, राक्षस न्हावी,
बेडूक बँकेतला कारकून, टाय सारखा ओला.
कुणी ओळखत नाही. पिशव्या भरत जातात.
फक्त चेटकिणीकडे सोंग नाही.
ती आपलं तोंड घेऊन हिंडते
आणि दारोदारी ऐकते, वा! काय मुखवटा आहे!
ती हसते. पहिल्या दोन दारांशी खरंच हसते.

तिचं तोंड माझ्याकडे होतं.
एक्केचाळीस नंबरचा हिरवा,
बरणीत मुरलेल्या काकडीसारखा, आंबट, जरा आजारी.
शेवटचा प्रसंग राहिला आणि बरणी खरवडून झाली.
रविवार. दुकान बंद. सोमवारी सकाळी सगळं न्यूयॉर्कला जायचं.
ओपल म्हणाली, पाणी घाल.
पाणी घातलं, रंग फाटला.
मग मी पांढरा घातला, चिमूटभर पिवळा,
आणि लांडग्याच्या जिभेचा गुलाबी, काडीच्या टोकावर मावेल इतका.
तो का घातला, आजही सांगता यायचं नाही.
अकरा सेकंद. एकशे बत्तीस सेल.
पहाटे चारला हात धुऊन दिव्याखाली धरून बघितलं:
ही दुसरीच बाई.
साहेबांनी पास केलं.
त्यांच्या खोलीतला टीव्ही काळापांढरा होता.

त्या अकरा सेकंदांत ती शेवटच्या दाराशी उभी असते.
आतली म्हातारी मुखवट्याचं नाव काढत नाही.
म्हणते, आत ये, थंडी आहे.
एवढंच.

लोकांनी त्यात काय काय पाहिलं!
डेटनच्या एका शिक्षिकेनं चार पानी पत्र धाडलं,
मायेनं तिचं विष उतरलं म्हणून.
कुण्या पाद्र्याला पश्चात्ताप दिसला.
माझा नवरा मर्ल म्हणायचा, घाबरलीय ती.
तो स्वतः टपालाला घाबरायचा.
मी गप्प. ओपल गप्प,
आणि मग ओपल गेली.

काल रात्री तळमजल्यावरचा इग्नासियो आला,
पुठ्ठ्याचा डायनासोर, शेपटी जिन्यात मोडलेली.
मी वाडगा घ्यायला वळले,
तो दारातूनच माझ्या टीव्हीकडे बघत राहिला.
शेवटचं दार. ती. तो रंग.
वाटलं, आता विचारेल, हिला ताप आलाय का.
तो म्हणाला, "तिनं तोंड धुतलं."
मग जरा थांबून, "आधीचा रंग होता."

एक्केचाळीस नंबरच्या नऊ बरण्या
मी त्या बाईच्या तोंडाला फासल्या होत्या.
सांगणार होते त्याला, अरे, बरणी संपली, बाकी काही नाही.
त्यासाठी तोंड उघडलं,
जिन्यातला वारा सरळ आत घुसला,
आणि तोंडून निघालं, आत ये, थंडी आहे.

नको म्हणाला. खाली आई उभी होती.
आणि मनुका नकोत, म्हणाला,
चॉकलेट असेल तर द्या.