बाकिझियोची वही

वर्षअखेरीस मी बाकिझियोची वही तपासतो.
दुहेरी पलंग दोन, त्यातला एक हॉटेलचा.
एकेरी चौतीस.
पाळण्याच्या रकान्यात शून्यसुद्धा नाही,
लिहायचा कंटाळा केलाय.

‘लाकूड काही अर्धं लागत नाही,’ तो कुरकुरतो,
‘एकट्याच्या पलंगालाही पाय चारच.’

नुओरोची बँक विचारते, पुढे कोण?
तो भुश्शात बोट फिरवत राहतो.
शिकाऊ पोरगा तोरिनोला गेला, तो गेलाच.

माझं पेन्शन कुणाच्या पगारातून निघणार
ते मी वहीबाहेरच ठेवतो.

मार्चमधली पावती, ऐंशी सेंटिमीटर रुंद,
ती माझी. मी सूट मागितली नाही.
मोजमाप घेताना त्यानं
‘भिंतीला लागून ना?’
एवढंच विचारलं होतं.